बिनपावतीचं दुकान

शनिवार पेठेत आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. १४० चौरस फूट. एक कटिंग मशीन, एक दाबायचा प्रेस, खळीचा डबा, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि उरलेल्या जागेत बाबा. पुण्यात इंजिनीअरिंग केलं असेल तर तुमचं ब्लॅक बुक कदाचित आमच्याकडेच शिवलं गेलं असेल. माझं तर तिथेच झालं. वर्गातल्या बावीस जणांचं बाबांनी पैसे घेऊन केलं. माझं फुकट केलं, पण सगळ्यांत शेवटी.

'आमचं दुकान' असंच मी लहानपणापासून म्हणत आलो. ते भाड्याचं आहे हे माहीत होतं, पण भाडं हा घरात बोलायचा विषयच नव्हता, इतकं ते कमी होतं. वाडा जुना, लाकडी. वरच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्या राहतात. बाबा त्यांना काकू म्हणतात, मी आजी. दर पावसाळ्याआधी वाड्यावर धोकादायक इमारतीची नोटीस लागते आणि पावसाळ्यानंतर कुणीतरी ती फाडून टाकतं. हा वाडा पडला तर बाबा कुठे जातील, हा प्रश्न मला नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पडला. त्याआधी त्याचं उत्तर देणं माझं काम नव्हतं.

दोन दिवाळ्यांपूर्वी हातात थोडे पैसे साठले होते. मी बाबांना म्हणालो, "आपण हा गाळा विकत घेऊन टाकू." बाबा एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बघ, जमलं तर."

मी एक्सेल शीट केली. मालक कोण, किंमत किती, वकील, कर्ज, नोंदणी. तीन महिन्यांत काम होईल असा अंदाज होता. त्याला आता चौदा महिने झाले. व्यवहार झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही. पण का झाला नाही, हे शोधताना मी जे वाचलं आणि ऐकलं, त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. पेठेतला गाळा ही एक वस्तू नसते. वेगवेगळ्या काळातल्या सरकारांनी, त्या त्या वेळच्या अडचणीवर काढलेले तोडगे तिथे एकावर एक साचलेले असतात. आपण विकत घ्यायला जातो जागा, आणि हातात येतात ते तोडगे.

पिंपळाच्या पूर्वेस

पहिली पायरी म्हणजे मालकी हक्काचे कागद. वकिलांनी मिळकत पत्रिका मागवली. शहरातल्या जागेचा हा सातबारा समजा. तिच्यावर पूर्ण वाड्याची एकच नोंद होती. आमच्या गाळ्याला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. मालक म्हणून ज्यांचं नाव होतं, ते आजींचे सासरे १९७९मध्ये वारले. वारस नोंद कुणी केलीच नव्हती.

मागचा दस्त मिळाला तो १९११चा, मोडी लिपीतला. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक मिळाले. त्यांनी भिंगाखाली धरून चतुःसीमा वाचून दाखवल्या. एका बाजूला कुणाचा तरी वाडा, दुसऱ्या बाजूला बोळ, तिसरीकडे पिंपळ. शिवाय वाड्यातल्या हौदाच्या पाण्याचा हक्क. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणून पुण्यातले हौद भरले गेले, त्या पाण्याचा हा हक्क. म्हणजे १९११ साली जागा विकत घेणारा माणूस पाणी मिळणार की नाही हे आधी बघत होता. आज हौद बुजलाय आणि पिंपळ कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. दस्तात मात्र तो उभा आहे आणि आमची हद्द त्याच्यावर टेकलेली आहे.

शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२मध्ये वास्तुशांत झाली, आणि आजूबाजूचं गाव भराभर शहर होत गेलं. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर सरकार शेटे-महाजन नेमायचं, व्यापाऱ्यांना कौल द्यायचं, पहिली काही वर्षं कर माफ करायचं. या, दुकान टाका, अशी ती विनवणीच होती. शहरातल्या घरांच्या आणि जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणं हे कोतवालाचं काम होतं. घाशीराम कोतवाल आपल्याला नाटकामुळे माहीत असतो, पण त्या पदाच्या कामांत आजच्या दुय्यम निबंधकाचंही काम होतं. दुकानदाराला जागा मिळणं तेव्हा सोपं होतं असं मी म्हणत नाही. कोणत्या जातीच्या माणसाला कोणत्या गल्लीत जागा मिळेल हे ठरलेलंच असे. पण एका जागेवर साधारणपणे एकाची सत्ता असे, आणि ती कोणाची हे चावडीवर विचारता येत असे.

आमच्या जागेवर एकाच वेळी दोघांची सत्ता आहे. ती कशी आली, हे समजायला महायुद्धापर्यंत जावं लागतं.

तात्पुरता कायदा

१९१५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मेरी बार्बर नावाच्या बाईंच्या पुढाकाराने भाडेकरू बायकांनी भाडं द्यायचं बंद केलं. नवरे युद्धावर गेलेले, कारखान्यांत काम करायला माणसं लोटलेली, आणि घरमालक भाडी वाढवत सुटलेले. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी कायदा करून भाडी गोठवली. युद्ध चालू असेपर्यंत, अशी त्याची कल्पना होती. तीच कल्पना १९१८मध्ये मुंबई इलाख्यात आली. त्या कायद्याच्या नावातच 'युद्धकालीन निर्बंध' हे शब्द होते. काही वर्षांनी तो कायदा खरोखरच संपला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा १९३९मध्ये तो तोडगा पुन्हा निघाला. मग १९४४चा कायदा आला, मग १९४७चा. हा शेवटचा कायदा १३ फेब्रुवारी १९४८पासून लागू झाला. फाळणी झालेली, निर्वासित येत होते, गावांतून माणसं शहरात येत होती, बांधकामाला सिमेंट-लोखंड मिळत नव्हतं. अशा वेळी सरकारने ठरवलं की १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, ते तिचं 'प्रमाण भाडं'. मालकाला त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि भाडं नियमित देणाऱ्याला ठरावीक कारणांशिवाय काढता येणार नाही. घरांना लागू, तसाच दुकानांनाही लागू.

त्या वेळी हे चूक होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. हा कायदा नसता तर माझ्या आजोबांसारखा, प्रेसमध्ये महिना साठ रुपयांवर बाइंडिंग करणारा माणूस पेठेत स्वतःचं दुकान टाकूच शकला नसता. पण हा कायदाही मुदतीचा होता. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. आमच्या ऑफिसात याला टेम्पररी फिक्स म्हणतात. मध्यरात्री सिस्टीम पडते, कुणीतरी कोडमध्ये एक आकडा ठोकून देतो, वर लिहितो 'नंतर काढणे'. पाच वर्षांनी तो आकडा काढायला जावं तर त्याच्यावर इतर चाळीस गोष्टी उभ्या असतात. १ सप्टेंबर १९४० हा तसा आकडा आहे. भाडेकरू संख्येने जास्त, मतदारही तेच. आकडा काढायचा कुणी?

दरम्यान १९७३मध्ये आणखी एक भर पडली. भाडेकरू म्हणून घ्यायला नको, म्हणून मालक लोकांना 'लायसन्स'वर ठेवू लागले होते. दुरुस्ती आली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर जागेत असेल, तो संरक्षित भाडेकरू मानला जाईल. ज्यांना जागा परत मिळेल असा शब्द होता, त्या मालकांच्या जागा रात्रीतून अडकल्या. आमच्या शेजारचा गाळा तेव्हापासून कुलपात आहे. आजींच्या नवऱ्याने तो पुन्हा कुणाला दिलाच नाही. पेठांतून फिरताना भर वस्तीत वर्षानुवर्षं बंद असलेली गंजकी शटरं दिसतात ना? त्यांतल्या काहींच्या मागे भूत नाही, ही तारीख आहे.

१९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटलं की गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद सुरुवातीला योग्य असली तरी काळाच्या ओघात ती अवाजवी, मनमानी झाली आहे. कायद्याची मुदत तेव्हा काही महिन्यांनी संपणारच होती, म्हणून न्यायालयाने तो तिथल्या तिथे रद्द केला नाही. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९मध्ये झाला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या त्याच्या संरक्षणातून बाहेर गेल्या. आमच्यासारखे आत राहिले. मालकाला दरवर्षी चार टक्के भाडं वाढवता येईल, असं ठरलं.

चार टक्के ऐकायला बरं वाटतं. पण कशाचे चार टक्के? आमचं भाडं २०००मध्ये ४२ रुपये होतं. आज ते १०८ रुपये आहे. महिन्याचं. माझ्या ऑफिसच्या कॅफेत कॉफी त्याहून महाग आहे. बोळाच्या तोंडाशी जे नवं दुकान झालंय, तिथे एवढ्याच जागेचे महिना पंचवीस हजार मागतात.

हा हिशेब मी शीटमध्ये केला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की या गोष्टीत मी फक्त अडलेला गिऱ्हाईक नाही. आजींच्या बाजूने पाहिलं, तर त्यांची अडचण आम्हीच आहोत. वाड्यात आमच्यासकट पाच भाडेकरू. पाचांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी एका खोलीची कौलं बदलता येत नाहीत. मग वाडा पडका का, हा प्रश्न आम्ही कोणत्या तोंडाने विचारायचा?

पाटल्या

हे मी बाबांना बोलून दाखवलं, तेव्हा ते जरा चिडलेच. "आपण काय फुकट बसलोय का?" म्हणाले. "तुझ्या आजीच्या पाटल्या गेल्यात या जागेत."

१९५४मध्ये आजोबांनी ही जागा घेतली तेव्हा भाडं ठरलं १८ रुपये, आणि वर अकराशे रुपये पगडी. त्यांच्या दीड वर्षाच्या पगाराएवढी. आजीच्या पाटल्या मोडल्या, बाकीचे प्रेसच्या मालकाकडून उसने घेतले. त्या अकराशे रुपयांची पावती नाही. असणं शक्यच नव्हतं. १९४७च्या कायद्याप्रमाणे पगडी घेणं हा गुन्हा होता. भाडं गोठलेलं असल्यामुळे जागेची खरी किंमत भाड्यात येऊ शकत नव्हती, ती टेबलाखालून आली. जी रक्कम देणाऱ्यासाठी सगळ्यांत मोठी होती, तीच लिहायला बंदी होती.

एक पळवाट होती. चालू धंदा, आतला माल आणि नाव यांसकट दुसऱ्याला विकला, तर त्याबरोबर भाडेहक्क देता येत असे. त्यामुळे शहरात 'गुडविल'चे व्यवहार झाले, ज्यांत माल म्हणजे दोन तुटक्या खुर्च्या आणि एक तराजू असे. मुंबईत तर पगडीची एक पूर्ण रीतच बसली. भाडेकरूने हक्क दुसऱ्याला दिला की मालकाला ठरलेला हिस्सा, बहुतेकदा एक तृतीयांश. कायद्यात नसलेला पण सगळ्यांनी पाळलेला नियम.

१९९९च्या कायद्याने पगडी अखेर कायदेशीर केली. आज मी पगडी दिली तर रीतसर पावती घेऊ शकतो. पण आजोबांनी दिली ती मागे जाऊन लिहिता येत नाही.

आमचा व्यवहार प्रत्यक्षात अडला तो इथेच. किंमत ठरवायला बसलो, तेव्हा बाबांच्या डोक्यात एक आकडा होता. त्यांच्या मते जागेचा अर्धा भाग आजोबांनी १९५४मध्येच घेतलाय, आता उरलेल्याचे पैसे द्यायचे. मालकांकडच्या मंडळींच्या डोक्यात दुसरा आकडा. त्यांच्या मते आम्ही सत्तर वर्षं जवळजवळ फुकट बसलोय आणि आता बाजारभावाच्या निम्म्यात मागतोय. दोघंही खरं बोलत होते. मधला अकराशे रुपयांचा कागद असता तर निदान भांडण कशावर आहे हे तरी टेबलावर ठेवता आलं असतं.

१२ जुलै

भाडेपावत्या मात्र होत्या. निदान असायला हव्या होत्या. वकिलांनी जुन्यात जुनी मागितली तेव्हा बाबांनी पत्र्याची पेटी काढली. सगळ्यांत जुनी पावती निघाली ऑगस्ट १९६१ची.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शनिवार आणि नारायण पेठेत पाणी पहिल्या मजल्यांपर्यंत चढलं. शेकडो मातीचे वाडे बसले. त्या पुरातून लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि पेठेतली कितीतरी कुटुंबं कायमची पलीकडे गेली. पुण्याचा नकाशा त्या दिवसाने बदलला, हे आपण नेहमी ऐकतो. त्या दिवशी किती घरांतले कागद वाहून गेले, याचा हिशेब मात्र कुणी मांडलेला मी वाचला नाही. आमच्या दुकानातला कागद तर दुहेरी गेला. शिवायला आलेली पुस्तकं, कोऱ्या कागदाची रिमं, आणि पेटीतल्या सात वर्षांच्या पावत्या. आजोबांनी त्या गिऱ्हाइकांची पुस्तकं पुढची दोन वर्षं पदरच्या खर्चाने भरून दिली.

पेटीत पावत्यांखाली मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक गठ्ठा होता. १९८३ ते १९९४. आजींच्या नवऱ्याने जागा खाली करून मागण्यासाठी दावा लावला होता आणि भाडं घेणं बंद केलं होतं. आजोबा दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची, आणि आजोबा तो तुकडा जपून ठेवायचे. भाडं थकवलं असं म्हणता येऊ नये म्हणून. मालक वर राहतात, भाडेकरू खाली बसतो, आणि मधल्या चौदा पायऱ्या चढायला पैशांना पोस्टातून फिरून यावं लागत होतं. दावा अकरा वर्षांनी फेटाळला गेला. आम्ही जिंकलो. लहानपणी मी ही गोष्ट पराक्रमासारखी ऐकली होती.

शंभर मीटर

एका वळणावर वाटलं, बिल्डरच येऊ दे. वाडा पाडेल, इमारत बांधेल, कायद्याप्रमाणे आम्हाला तेवढीच जागा देईल, आजींना फ्लॅट मिळेल. पेठेत असे वाडे रोज पडतायत. पण आमच्या वाड्याकडे कुणी बिल्डर फिरकत नाही. मी फोनवरच्या नकाशात अंतर मोजलं. शनिवारवाड्याच्या भिंतीपासून ८० मीटर.

केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे, आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीशिवाय करता येत नाही. ही हद्द १९९२च्या अधिसूचनेने आली आणि २०१०च्या दुरुस्तीने थेट कायद्यात बसली. देशभर सगळ्या संरक्षित स्मारकांना एकच मोजपट्टी. रानातली एखादी एकटी लेणी असो की दाट वस्तीतला शनिवारवाडा असो. नियम करणाऱ्यांचा हेतू समजतो. स्मारकाला लागून कुणी दहा मजले चढवले तर आपणच आरडाओरडा करू. पण परिणाम असा की शनिवारवाडा जपण्यासाठी त्याच्या काळातली, त्याच्याच भोवती वाढलेली वस्ती हळूहळू कुजतेय. वारसांपैकी एकजण अजून या आशेवर आहेत की नियम बदलेल आणि जागेला भाव येईल. म्हणून ते आज सही करत नाहीत.

सतरा सह्या

सह्या लागणार होत्या सतरा. मालकांना दोन मुलगे, तीन मुली. त्यांतले चौघं गेले, त्यांची मुलं, नातवंडं. पुणे, नाशिक, इंदूर, न्यू जर्सी. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीही वडिलांच्या वारस झाल्या. पुढे महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला. सह्या वाढल्या म्हणून मला कंटाळा आला, हे खरं. पण ज्या तीन बहिणींना त्याआधीच्या काळात कुणी विचारलंही नसतं, त्यांना विचारावं लागतंय याबद्दल तक्रार करणं मला जमेना.

एकाकडून त्याचा हिस्सा घेता येईल का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "येईल की. पण सतरावा हिस्सा घेऊन तुम्ही दुकानाचे मालक होत नाही, भांडणाचे भागीदार होता." कर्जासाठी एका बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी गाळ्याची स्वतंत्र नोंद मागितली. १९६३च्या मोफा आणि १९७०च्या अपार्टमेंट कायद्यानंतर बांधलेल्या इमारतींत एकेक गाळा सुटा विकायची सोय झाली. वाडा त्याआधीचा. तिथे भिंत आपली, पण भिंतीखालची जमीन सगळ्यांची. आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळेल, असं कुणीतरी सांगितलं होतं. ती सवलत घराला आहे, दुकानाला नाही. शीटमधली तीही ओळ लाल झाली.

दुसरीकडे नवं दुकान घेऊ, असंही बाबांना सुचवलं. कोथरूडपलीकडे, नव्या इमारतीत, स्वच्छ कागदपत्रं. बाबा म्हणाले, "अप्पा बळवंत चौकातला प्रकाशक दोनशे पुस्तकं घेऊन तिकडे येणार आहे का?" बाइंडिंगवाला पुस्तकांच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर लागतो. आमचं गिऱ्हाईक सायकलवरून येणारं आहे. जागेची किंमत त्या अंतरात आहे, आणि ते अंतर दस्तात लिहिलेलं नसतं.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी वर आजींकडे गेलो. आता बयाऐंशी वर्षांच्या आहेत. स्वयंपाकघरात दोन ठिकाणी पातेली ठेवली होती, कौलांतून गळत होतं. त्यांनी चहा टाकला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी पैसे दिले होते बरं का. आमचे मामंजी सांगायचे. त्या पैशांवर माझ्या थोरल्या नणंदेचं लग्न लागलं. नाहीतर त्या वर्षी व्हायचं नव्हतं."

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. सतरा सह्यांमधल्या चार त्या नणंदेच्या मुलांच्या होत्या. सगळ्यांत ताठर तेच. 'हे लोक इतकी वर्षं फुकट बसलेत' हे वाक्य ईमेलवर त्यांनीच लिहिलं होतं. आणि त्यांच्या आईचं लग्न माझ्या आजीच्या पाटल्यांवर लागलं होतं. हे मी त्यांना कळवू शकलो असतो. पण कशाच्या आधारावर? बयाऐंशी वर्षांच्या एका बाईंनी सासऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टीच्या? आणि कळवून मला नक्की काय मिळवायचं होतं? त्या लग्नाने आजच्या बाजारभावात किती फरक पडावा, हे मलाही सांगता आलं नसतं.

खाली आल्यावर मी बाबांना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" "त्यांच्या घरातलं लग्न," बाबा म्हणाले. "ते आपण कसं काढायचं?"

कायद्याने जे लिहू दिलं नाही, ते दोन्ही घरांनी मर्यादेने बोलायचंही टाळलं. म्हणून दोन पिढ्यांत त्याचं काहीच उरलं नाही. एका घरात पराक्रमाची गोष्ट राहिली, दुसऱ्या घरात अन्यायाची. दोन्ही गोष्टी निम्म्या होत्या.

खरेदीचं मी आता सोडून दिलंय. शीट बंद केली. पण जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर बाबा वर जाऊन आले आणि म्हणाले, काकूंच्या स्वयंपाकघरावर ताडपत्री टाकून घेऊ. छप्पर उतरवून नवं घालायचं तर परवानग्या लागतील, आणि पाऊस तोवर थांबणार नाही. माणसं बोलावली, ताडपत्री आणली, बांबू बांधले. ६,४०० रुपये लागले. ते आम्ही दिले.

बाबा पावती घेणार नव्हतेच. त्यांच्या मते शेजारधर्माची पावती घेत नाहीत. मी ऐकलं नाही. एका कागदावर तारीख घातली, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिली, कशासाठी ते लिहिलं. आजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, "भाड्यातून वळती नाही ना?" असं विचारलं, मी "नाही" म्हणालो, आणि त्यांनी सही केली. एक प्रत त्यांच्याकडे ठेवली, एक पत्र्याच्या पेटीत.

भाड्याखेरीज या दोन घरांत झालेल्या देण्याघेण्याचा तो पहिला कागद. त्याने कोणताही हक्क सिद्ध होत नाही, हे वकिलांनी लगेच सांगितलं. तरी मी पेटी या वेळी खालच्या फळीवर ठेवली नाही, माळ्यावर ठेवली.